शॉर्ट शिफ्टर

मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या मोटारीत गिअर बदलताना दांड्याच्या मुठीला कापावे लागणारे अंतर कमी करण्यासाठी मूळ दांड्याऐवजी बसवल्या जाणाऱ्या दांड्यास किंवा जोडभागास शॉर्ट शिफ्टर असे म्हणतात. हे भाग बहुधा वाहन उत्पादकाऐवजी सुटे भाग बनवणाऱ्या इतर कंपन्या तयार करतात. शॉर्ट शिफ्टरमुळे हाताची हालचाल कमी होते, परंतु त्याच प्रमाणात हाताला अधिक बल लावावे लागते. गिअरबॉक्सच्या आतील रचनेत कोणताही बदल होत नाही.

## कार्यतत्त्व

गिअरबॉक्सवर थेट बसवलेला गिअरदांडा ही पहिल्या वर्गातील तरफ आहे. दांड्याच्या मधोमध असलेला गोळा हा टेकू, मुठीपासून गोळ्यापर्यंतचा भाग ही बलभुजा आणि गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंतचा भाग ही भारभुजा होय. खालचे टोक गिअरबॉक्समधील सरकदांडी पुढे-मागे ढकलते.

उदाहरणार्थ, बलभुजा २४० मिमी व भारभुजा ४० मिमी असल्यास त्यांचे गुणोत्तर ६ येते. सरकदांडी १० मिमी हलवण्यासाठी मूठ सुमारे ६० मिमी हलवावी लागते आणि सरकदांडीवर ३०० न्यूटन बल पोहोचवण्यासाठी हाताला ५० न्यूटन बल लावावे लागते. भारभुजा ५० मिमी केल्यास गुणोत्तर ४.८ होते. मग मुठीची हालचाल ४८ मिमी, म्हणजे २० टक्क्यांनी कमी होते. हाताचे बल मात्र ६२.५ न्यूटन, म्हणजे २५ टक्क्यांनी अधिक लागते. बल आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही वेळी सारखाच राहतो. बलभुजा १९२ मिमी इतकी आखूड केली तरी परिणाम हाच होतो.

## सिंक्रोनायझरशी संबंध

गिअर पडण्याचा वेग केवळ दांड्याच्या हालचालीवर अवलंबून नसतो. दोन भिन्न वेगांनी फिरणारे भाग एकमेकांत अडकण्यापूर्वी त्यांचे वेग समान व्हावे लागतात. हे काम सिंक्रोनायझर करतो. त्यातील शंकूच्या आकाराचे कडे गिअरच्या शंकूवर दाबले जाते आणि घर्षणाने वेग जुळतात. वेग जुळेपर्यंत हे कडे सरकबाहीला पुढे जाऊ देत नाही.

या क्रियेस लागणारा वेळ कड्यावर पडणाऱ्या दाबावर ठरतो. शॉर्ट शिफ्टर बसवल्यानंतर हाताने पूर्वीइतकेच बल लावल्यास कड्यावर कमी दाब पडतो आणि वेग जुळण्यास अधिक वेळ लागतो. चालकाने घाईने दांडा रेटल्यास कड्यांची झीज वाढते व गिअर घालताना खरखर ऐकू येऊ शकते. म्हणूनच ज्या गिअरबॉक्सचे सिंक्रोनायझर आधीच झिजले आहेत, त्यात शॉर्ट शिफ्टर बसवल्यास दोष कमी होण्याऐवजी अधिक जाणवतो.

## प्रकार

* लांब भारभुजेचा दांडा : टेकूखालील भाग मूळ दांड्यापेक्षा लांब असतो. मुठीची उंची बदलत नाही.
* उंच टेकूचा दांडा : टेकूचा गोळा वर सरकवलेला असतो. त्यामुळे बलभुजा कमी होते आणि भारभुजा वाढते.
* आखूड दांडा : केवळ वरचा भाग कमी केलेला असतो. मूठ खाली येत असल्याने हाताची पोहोच बदलते.
* केबल जोडणीसाठीचे भाग : आडवे इंजिन व पुढील चाकांना शक्ती असलेल्या बहुतेक आधुनिक मोटारींत दांडा आणि गिअरबॉक्स दोन केबलींनी जोडलेले असतात. एक केबल ओळ निवडते, तर दुसरी गिअर घालते. अशा मोटारींत गिअरबॉक्सवरील लिव्हर आखूड करून किंवा आतील दांड्याचे गुणोत्तर बदलून अंतर कमी करतात. अनेकदा हा बदल केवळ पुढे-मागे होणाऱ्या हालचालीपुरता असतो.

## संबंधित भाग

बुश : दांड्याच्या तळाशी आणि केबलींच्या टोकांशी रबर किंवा प्लास्टिकचे बुश असतात. ते झिजल्यावर दांडा ढिला होतो. त्यांच्या जागी पॉलियुरेथेन, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमचे बुश बसवल्यास ढिलेपणा कमी होतो. परंतु इंजिनाची कंपने व आवाज मुठीपर्यंत अधिक पोहोचतात.

वजनदार मूठ : जड मुठीने अंतर बदलत नाही. तिच्या जडत्वामुळे दांडा खाचांवरून अधिक सहज सरकतो. धातूची मूठ उन्हात तापते. मूठ निवडताना आट्यांचे माप जुळणे आवश्यक असते. माझदाच्या अनेक मोटारींत ते एम १० × १.२५, होंडाच्या अनेक मोटारींत एम १० × १.५, तर टोयोटाच्या अनेक मोटारींत एम १२ × १.२५ असते.

## उदाहरण : माझदा एमएक्स-५

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात सादर झालेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी मोटारीचे इंजिन पुढे व उभे असून शक्ती मागील चाकांना मिळते. तिच्या पहिल्या पिढीत दांडा केबलीविना थेट गिअरबॉक्सवर बसतो व मूळ रचनेतच त्याची हालचाल कमी आहे.

दांड्याच्या तळाशी नायलॉनचा बुश असतो. दांडा ज्या कोठीत बसतो, तिच्यात गिअरबॉक्सपासून वेगळे तेल असते व वर रबरी बूट असतात. वयोमानाने बूट फाटले की गिअरबॉक्सची उष्णता व आवाज आत येतो. तेल कमी झाले किंवा बुश झिजला की दांडा ढिला वा खरखरीत वाटू लागतो. बुश, बूट व तेल बदलल्यावर मूळ दांड्याचाच नेमकेपणा बऱ्याच अंशी परत येतो. शॉर्ट शिफ्टर बसवतानाही हेच भाग उघडावे लागतात. त्यामुळे दुरुस्ती आधी आणि बदल नंतर, हा क्रम सोयीचा ठरतो.

## तपासणी

गिअर जड पडण्याचे कारण दांड्यातच असते असे नाही. क्लच पूर्ण सुटत नसल्यास, हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा किंवा गळती असल्यास, गिअरबॉक्सचे तेल जुने वा चुकीच्या प्रतीचे असल्यास किंवा इंजिनाचे माउंटिंग खचल्यास हीच लक्षणे दिसतात. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, तर प्रथम क्लच तपासणे योग्य ठरते.

## मर्यादा व धोके

टेकू बदलल्यास आडवी हालचालही कमी होते व गिअरच्या ओळी जवळ येतात. चौथ्यातून पाचव्या गिअरमध्ये जाताना चुकून तिसरा पडल्यास चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवू शकतात. त्यात व्हॉल्व्ह व पिस्टन यांची हानी होऊ शकते. दांडा जुळवताना प्रत्येक गिअर पूर्ण बसतो की नाही हे पाहणे आवश्यक असते. अर्धवट बसलेला गिअर भार पडताच सुटू शकतो.

## भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूलतः दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे फेरफार वाहनमालकास करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरफारांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

## हेसुद्धा पाहा

* गिअरबॉक्स
* क्लच
* तरफ