लहान भारतीय मुंगूस

लहान भारतीय मुंगूस (उर्वा ऑरोपंक्टाटा) : मांसाहारी गणाच्या हर्पेस्टिडी कुलातील सस्तन प्राणी. डोके व धड मिळून लांबी 25 ते 37 सेंमी.; शेपूट त्याहून आखूड. वजन बहुधा एक किलोपेक्षा कमी. अंगावरच्या केसांवर गडद व सोनेरी वलये आळीपाळीने असतात, त्यामुळे उन्हात अंगावर सोनेरी ठिपके उठून दिसतात. कीटक, उंदीर, सरडे, साप, पक्षी, अंडी व फळे हे त्याचे खाद्य. वावर दिवसाचा.

वर्गीकरण : ब्रायन हॉटन हॉजसन यांनी 1836 मध्ये नेपाळातील नमुन्यावरून या जातीचे वर्णन केले. नंतर मात्र बराच काळ तिला 1818 मध्ये वर्णिलेल्या जावा मुंगसाची (उर्वा जावानिका) उपजाती मानले गेले. जनुकीय अभ्यासांनी 2007 च्या सुमारास दोन्ही जाती वेगळ्या असल्याचे दाखवले. म्यानमारमधील साल्वीन नदी ही त्यांच्यातील सीमा असावी, असे मत पुढे आले. आशियातील मुंगसे आफ्रिकेतील हर्पेस्टिस मुंगसांहून वेगळ्या शाखेची आहेत, हे 2009 मध्ये स्पष्ट झाल्यावर त्यांना हॉजसन यांनीच 1837 मध्ये सुचवलेल्या उर्वा प्रजातीत घालण्यात आले. कोलकात्याजवळच्या पाणथळ भागातील मुंगूस 1965 मध्ये स्वतंत्र जात म्हणून वर्णिले गेले होते. आज त्याचा समावेश याच जातीत करतात.

हा वाद केवळ नावापुरता नाही. जगभरच्या बेटांवर उच्छाद मांडणाऱ्या मुंगसाची नोंद अनेक वर्षे ‘जावानिका’ या नावाने होत राहिली आणि दोष दुसऱ्याच जातीच्या माथी गेला.

प्रसार : मूळ प्रदेश इराक, दक्षिण इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, उत्तर भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश व म्यानमार. झुडपी रान, गवताळ माळ, शेतीचे बांध आणि वस्तीच्या कडा त्याला मानवतात.

उसाच्या मळ्यातील उंदरांवर उपाय म्हणून डब्ल्यू. बँक्रॉफ्ट एस्प्यूट यांनी 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली. त्यांची संतती इतर कॅरिबियन बेटांवर आणि 1883 मध्ये हवाईत पोहोचली. फिजीत त्याच वर्षी, तर एड्रियाटिक समुद्रातील म्लेट बेटावर व ओकिनावात 1910 मध्ये मुंगसे सोडली गेली. या दोन ठिकाणी विषारी सापांचा बंदोबस्त हाही हेतू होता. योजनेतली चूक मूलभूत होती. उंदीर व ओकिनावातील हाबू साप रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. परिणामी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे व बेडूक त्याच्या तावडीत सापडले. कॅरिबियनमधील काही बेटांवर ते रेबीजचे वाहकही ठरले आहे. जपानच्या अमामी-ओशिमा बेटावर 1979 मध्ये सोडलेल्या सुमारे 30 मुंगसांच्या वंशजांनी तिथल्या दुर्मीळ अमामी सशावर संकट आणले. दीर्घ मोहिमेनंतर सप्टेंबर 2024 मध्ये ते बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जपानने जाहीर केले.

भारतात मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; त्याच्या केसांचे रंगकामाचे ब्रश बनवणे वा विकणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात अंगणात किंवा बांधावर दिसते ते बहुधा राखाडी मुंगूस (उर्वा एडवर्ड्सी). ते आकाराने मोठे असते आणि त्याची शेपूट जवळजवळ शरीराइतकी लांब असते. म्हणून नोंद ठेवणाऱ्यांनी छायाचित्रात पूर्ण शेपूट येईल असे पाहावे आणि ठिकाण अचूक लिहावे.