विसणाचा हिशेब



लेण्याद्रीस गिरिजात्मजाचें दर्शन घेणाऱ्या भाविकांस, आपण मुळांत एका बौद्ध विहारांत उभे आहों, हें ठाऊक असतेंच असें नाहीं. एका मंडपाच्या तीन बाजूंस २० खोल्या आणि पाणी बाहेरच्या टांक्यांचें. आजच्या भाषेंत ती एक चाळच. जुन्नरजवळच मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याचा शिलालेख आहे. त्यानें ४६ व्या वर्षीं पोढी, म्हणजे पाण्याचें टांकें, व मंडप दान दिला. तें वर्ष शकाचें धरिल्यास इ. स. १२४ येतें. दात्याचें नांव दगडावर राहिलें; पाणी कोणीं किती वापरावें, हें पाहण्यास मात्र भिक्षूंच्या आचारनियमांकडे वळलें पाहिजे.

विनयपिटकांत एक कथा आहे. राजगृहाजवळ तपोदा येथील उष्ण झऱ्यावर भिक्षु अंधार पडेपर्यंत न्हात राहिले. राजा बिंबिसार आपली पाळी येईतों ताटकळला आणि तेवढ्यांत नगराचें द्वार बंद झालें. त्यावरून पंधरवड्यांत एकच स्नान असा दंडक झाला; पण उन्हाळा, आजार, श्रम, प्रवास, वारापाऊस असे अपवाद त्यास जोडावे लागले. सरासरी ठरविणें सोपें. गरज मात्र ऋतु पाहून व माणूस पाहून बदलते.

आपल्या घरच्या तांब्याच्या बंबास हें कोडें नव्हतें. मध्यें विस्तवाची नळी, भोंवतीं पाणी. कित्येक बंबांत वरून तांब्याभर थंड पाणी ओतावें, तेव्हां तोटींतून तितकेंच ऊन पाणी यावें. ओतणारा तोच मोजणारा. कढत पाण्यांत विसण, म्हणजे थंड पाणी, किती घालावयाचें, हें घरच्या बायकांना वहीवांचून ठाऊक असे.

आज जुन्नर, नारायणगाव, मंचर येथील इमारतींच्या गच्चीवर सोलरची टांकी दिसते. टांकी एक, तोट्या अनेक. पाण्याचें मीटर लिटर सांगतें, ऊब सांगत नाहीं. समजा, २० बिऱ्हाडें, प्रत्येकांत ४ माणसें. माणशीं २० लिटर पाणी ४० अंशांचें हवें आणि नळाचें पाणी २० अंशांचें आहे. टांकींत ६० अंश असतां माणशीं १० लिटर ऊन पाणी व १० लिटर विसण पुरतें; इमारतीस ८०० लिटर. टांकी ५० अंशांवर उतरली कीं माणशीं १३ लिटरांहून अधिक लागून एकूण सुमारें १,०७० लिटर होतात. माणसें तींच, स्नानें तींच. विसण तेवढें घटलें. म्हणून अंदाज बसवावयाचा तर लिटर, अंश आणि वेळ हीं तिन्ही नोंदलीं पाहिजेत, आणि तींही थंडींत व उन्हाळ्यांत निरनिराळीं.

एरव्हीं पहांटे उठणारा मनसोक्त न्हातो आणि रात्रपाळीहून परतलेल्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या आईच्या वांट्यास गार धार येते. वर्गणी मात्र सर्वांची सारखी. बिंबिसार राजा होता. त्याच्या खोळंब्यावरून नियम झाला. शेवटच्या बिऱ्हाडाची तक्रार मापावांचून कोण ऐकणार?