अहर्गणापासून स्टेलॅरियमपर्यंत

सातारकराने संगणकावर आकाश दाखवणारे स्टेलॅरियम उघडले की पहिले काम गाव सांगण्याचे. एफ६ दाबायचे, अक्षांश 17.68, रेखांश 74. ध्रुवतारा उत्तरेला साडेसतरा अंशांच्या आसपास येऊन बसतो. दक्षिणेचा अगस्ती माथ्यावरच्या रेषेशी आला तरी विशीच्या आतच राहतो. सांगली घातली की अगस्ती जवळजवळ अंशभर चढतो आणि ध्रुव तेवढाच उतरतो. मग एफ५. तारीख-वेळेच्या चौकटीत 'ज्युलियन दिवस' असा सात आकडी अंक असतो. सहसा कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. या सॉफ्टवेअरचे कूळ मात्र त्या अंकातच आहे.

इसवी सनापूर्वी 4713 पासून किती दिवस लोटले, एवढेच तो अंक सांगतो. ग्रह कुठे आहे ते काढायचे तर आधी दिवस मोजायचे, मग त्या दिवसांत तो किती सरकला ते पाहायचे. आपले ज्योतिषी या दिवससंख्येला अहर्गण म्हणत आणि ती कलियुगाच्या आरंभापासून धरत. सोळाव्या शतकापर्यंत ती सोळा लाखांच्या पुढे गेली होती. इतक्या मोठ्या संख्येचे गुणाकार पाटीवर करताना जोशीबुवांच्या नाकी नऊ येत असणार.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, 'ग्रहलाघव' लिहून हा भार उतरवला. त्यांनी अकरा वर्षांचे, 4016 दिवसांचे, एक चक्र धरले. चक्रे किती झाली ते वेगळे मांडायचे आणि उरलेले दिवस तेवढे मोजायचे. ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, तीही त्यांनी गणितातून काढून टाकली आणि साध्या गुणाकार-भागाकाराने उत्तर जवळपास बरोबर येईल अशा युक्त्या दिल्या. थोडी अचूकता सोडून पुष्कळ वेग घ्यायचा, हा निर्णय प्रोग्राम लिहिणारे आजही रोज घेतात. अशा ग्रंथाला करणग्रंथ म्हणतात. माझ्या मते आपल्याकडचे पहिले खपाऊ सॉफ्टवेअर हेच. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे तीन-साडेतीन शतके त्यावर चालली.

पण जवळपास बरोबर असलेले उत्तर काळ जाईल तसे लांब पडते. ग्रहणे आणि युत्या पंचांगाला चुकवू लागल्या. 1860 साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली. त्यांवर आबासाहेब पटवर्धनांच्या पुढाकाराने पटवर्धनी पंचांग निघाले. केरूनाना छत्रे डेक्कन कॉलेजात टिळकांचे गणिताचे गुरू होते. तेव्हा टिळक पंचांगाच्या वादात पडले यात नवल नाही.

हा वाद घेऊन 1920 साली सांगलीत ज्योतिष संमेलन भरले. राशीचक्राचा शून्य अंश कुठे धरायचा, हा खरा तंटा. एक पक्ष रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापाशी, म्हणजे मुख्य ताऱ्यापाशी, धरा म्हणे, दुसरा चित्रेच्या बरोबर समोर. टिळक रेवतीच्या बाजूचे होते. दोन बिंदूंत अंतर सुमारे चार अंशांचे, पण सूर्य ते ओलांडायला चार दिवस घेतो. अमावास्या नेमकी त्या चार दिवसांत पडली की एका पंचांगात अधिक मास एक आणि दुसऱ्यात वेगळाच.

आता पुन्हा स्टेलॅरियमकडे. फाबियाँ शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने 2000 साली ते लिहायला घेतले आणि फुकट वाटले. त्यातल्या ग्रहांची गती व्हीएसओपी87 या फ्रेंच गणितावर चालते. हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेल्या लाखावर ताऱ्यांची भर 1997 च्या सूचीतून आली. साधी प्रत उतरवली तरी सहा लाखांवर तारे मिळतात. तारखेच्या रकान्यात वर्ष मागे नेत जा. वसंत संपातबिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो ती जागा, ताऱ्यांमधून सरकताना दिसतो, साधारण 72 वर्षांत एक अंश. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रेवतीच्या योगताऱ्यावर येतो. आणखी मागे, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, तो चित्रेच्या समोर असतो. सांगलीत जमलेल्या मंडळींना यासाठी कोष्टकांची पाने उलटावी लागली असती.

गंमत अशी, की रेवतीचा तो योगतारा क्रांतिवृत्ताला अगदी चिकटून असला तरी त्याची प्रत पाचाच्या पुढची, म्हणजे सांगलीच्या दिव्यांत तो डोळ्यांना दिसायचा नाही. चित्रा मात्र ठसठशीत, पहिल्या प्रतीची, पण क्रांतिवृत्तापासून दोन अंश बाजूला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने पुढे चित्रा पक्ष उचलला आणि 1957 पासून सरकारी पंचांगात तोच आहे. रेवती पक्षाचे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मात्र अधिक मासाच्या फरकामुळे काही वर्षी गणपती महिनाभर आधी येतात, आणि संगणकावरचा चंद्र दोन्ही चतुर्थ्यांना आपल्या जागी बरोबर असतो.