मणके बसवायची विद्या विद्यापीठात कशी पोचली?

"कायरोप्रॅक्टर व्हायचंय, कुठल्या विद्यापीठात प्रवेश घेऊ?" मान कडकन वाजवण्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागल्यापासून बी.एस्सी.ची मुलं हा प्रश्न बरेचदा विचारतात. खरं सांगायचं तर भारतात या व्यवसायाची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषदच नाही. असं का, ते समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

आपल्या सोलापूरचंच घ्या. हे माग आणि विड्यांचं शहर, म्हणजे दिवसभर वाकून काम. पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, हाड सरकलं की हाड बसवणाऱ्याकडे जायचं. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. परीक्षा नाही, नोंदणी नाही.

अमेरिकेतली सुरुवातही फार वेगळी नव्हती. डी. डी. पामर हा आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात 'चुंबकीय' उपचार करायचा. १८९५ मध्ये हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबून आपण त्याचं बहिरेपण घालवलं, असा त्याचा दावा होता. १८९७ मध्ये त्याने स्वतःची शाळा काढली. बहुतेक रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं, हा त्याचा सिद्धांत पुराव्यावर टिकला नाही. कंबरदुखीत मात्र मणक्यांच्या हाताळणीने काही रुग्णांना आराम पडतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल १९०६ मध्ये पामर तुरुंगात गेला. कॅन्ससने १९१३ मध्ये कायरोप्रॅक्टिकला कायदेशीर मान्यता दिली, लुईझियानाने थेट १९७४ मध्ये. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या राज्यात ६१ वर्षांचं अंतर! सरकारी विद्यापीठांची दारं त्याहून हळू उघडली. कॅनडात क्युबेकमध्ये १९९३ साली आणि डेन्मार्कमध्ये ओडेन्सला १९९४ साली विद्यापीठातले अभ्यासक्रम सुरू झाले. ओडेन्सला तर कायरोप्रॅक्टिकची मुलं सुरुवातीचे विषय वैद्यकीय विद्यार्थ्यांसोबतच शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान ४२०० तासांची अट सुचवली. त्यातले १००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे.

आता मुंबईत या. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. त्या मूळच्या अमेरिकन, लग्न करून इकडे आलेल्या. पाठोपाठ, पोलिओच्या साथींच्या काळात, तिथेच फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. गंमत बघा, पामरने आधी रुग्णालयाबाहेर शाळा काढली आणि मग त्या विद्येला मान्यता मिळवायला अनेक दशकं गेली. मुंबईत शाळाच रुग्णालयात जन्मली. रुग्ण, डॉक्टर आणि शिकणारी मुलं एकाच छताखाली. त्यामुळे पुढे पदवी आणि नोंदणीची वाट सोपी झाली. आपल्या हाड बसवणाऱ्याला मात्र यातलं कुठलंच दार उघडलं नाही.

मग पदवीने नेमका काय फरक पडतो? मणका दाबायला हात शिकतो, ते गल्लीतही जमेल. कुणाला हात लावायचा नाही, हे ओळखणं जास्त अवघड. आपल्याकडे पाठदुखीमागे कधी मणक्याचा क्षयरोग निघतो, म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळ झालेली असतात. अशा पाठीवर जोर दिला तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो. मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्याही नोंदी आहेत, प्रमाण कमी असलं तरी.

म्हणून त्या मुलांना मी दोन गोष्टी सांगतो. इथे राहून हे काम करायचं असेल तर फिजिओथेरपीची पदवी घ्या. परदेशात कायरोप्रॅक्टिक शिकायचं असेल तर आधी विचारा, देखरेखीखाली रुग्ण तपासायचे तास किती? आठवड्याभरात 'सर्टिफिकेट' देणाऱ्याला हाच प्रश्न विचारून बघा. आणि स्वतः रुग्ण म्हणून कुणाकडे गेलात, तर मान त्याच्या हातात द्यायच्या आधी विचारा, "तुमची नोंदणी कुठे आहे?"