वाट हरवलेल्या कणांचा हिशेब

१९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, आइन्स्टाइनने एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. अणूतील ऊर्जेच्या पायऱ्या मोजण्याची बोरप्रणीत रीत केवळ नियमबद्ध कक्षांनाच लागू पडते, कक्षा बेबंद असेल तर ती निरुपयोगी ठरते, असे त्यात दाखविले होते. पुढे १९२६ साली श्रोडिंगरचे समीकरण आले, उत्तरे मिळू लागली आणि जुन्या कक्षांची विचारपूसच थांबली. चाळीस वर्षे त्या निबंधाकडे कोणी फारसे वळले नाही.

मार्टिन गट्झविलर वळले. १९२५ साली बाझेल येथे जन्मलेला, झुरिकला पाउलींच्या हाताखाली शिकलेला हा स्विस तरुण अमेरिकेत डॉक्टर झाला, काही काळ तेल कंपनीत भूगर्भाच्या अभ्यासात रमला आणि मग आयबीएममध्ये स्थिरावला. गणकयंत्रे विकणाऱ्या कंपनीने असल्या निरुपयोगी भासणाऱ्या चिंतनाला आश्रय द्यावा, हे त्या काळाचे औदार्यच म्हटले पाहिजे.

१९६७ ते १९७१ या काळात त्यांनी चार निबंध लिहिले. बेबंद गतीतही काही कक्षा फिरून स्वतःलाच येऊन मिळतात. त्या असंख्य असतात. पण यत्किंचित धक्क्याने मोडणाऱ्या. मोठ्या दालनात टाळी वाजविली असता परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून दालनाचा आकार ओळखावा, तशी या मिटलेल्या कक्षांच्या बेरजेतून ऊर्जेच्या पायऱ्यांची घनता मिळते, असे गट्झविलर यांनी सिद्ध केले. ज्या कक्षेचे अस्थैर्य अधिक, तिचा वाटा कमी. अडचण एकच, पण मोठी: ही अनंत बेरीज सहजासहजी एका ठाम आकड्यावर येत नाही. कसोटीसाठी त्यांनी दिशेनुसार वस्तुमान बदलणारा इलेक्ट्रॉन घेतला; सिलिकॉन व जर्मेनियमच्या स्फटिकांत तो खरोखरच आढळतो.

प्रयोगाची साक्षही दूर नव्हती. १९६९ साली गार्टन व टॉमकिन्स यांना चुंबकीय क्षेत्रातील बेरियमच्या वर्णपटात समान अंतराच्या लाटा दिसल्या होत्या. केंद्रापासून निघून केंद्राकडेच परतणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या कक्षेशी त्यांची सांगड पुढे घातली गेली.

२००३ साली त्यांना माक्स प्लांक पदक मिळाले. २०१४ साली ते निवर्तले. अणूइतकाच त्यांना चंद्रही प्रिय होता. हिल, ब्राउन आणि एकर्ट यांनी पिढ्यानपिढ्या चालविलेले चंद्रगतीचे गणित त्यांनी श्मिट यांच्या साह्याने नव्याने मांडून १९८६ साली प्रसिद्ध केले.