हरकत कोणी घ्यायची? आगगाडीच्या डब्यातील धुराची कायदेशीर कहाणी

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचा विषय निघाला की बहुतेकांना २००८ साल आठवते. परंतु हा प्रश्न भारतीय कायद्याच्या पुस्तकात शिरला तो त्याआधी शंभरहून अधिक वर्षे, आणि तोही आगगाडीच्या डब्यातून.

१८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याचे ११० वे कलम पाहावे. धूम्रपानासाठी खास राखलेला डबा सोडून इतरत्र, सहप्रवाशांच्या संमतीवाचून विडी-सिगारेट ओढणाऱ्यास २० रुपयांपर्यंत दंड. रेल्वेच्या नोकराने बजावूनही तो थांबला नाही, तर त्याला डब्यातून उतरवण्याची मुभा. त्या काळी २० रुपये ही किरकोळ रक्कम नव्हे.

यातील कळीचा शब्द 'संमती'. परवानगी मिळवण्याचे ओझे, निदान कागदावर, धूर काढणाऱ्यावर होते.

आता १९८९ चा रेल्वे कायदा घ्या. त्यातील १६७ व्या कलमानुसार डब्यातील अन्य प्रवाशाने हरकत घेतली, तर धूम्रपान करता येणार नाही. दंड १०० रुपयांपर्यंत. एखाद्या गाडीत किंवा तिच्या भागात पूर्ण बंदी घालण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला याच कलमाने दिला, हे खरे. पण मूळ नियमात 'संमती'च्या जागी 'हरकत' आली आणि ओझे अलगद दुसऱ्या खांद्यावर गेले. रात्रीच्या गाडीत लेकराला घेऊन एकटी निघालेली बाई समोरच्या चौघा पुरुषांना "विडी विझवा" म्हणेल, हे या कलमाने गृहीत धरले. या एका बाबतीत स्वतंत्र भारताचा कायदा इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या मागे गेला, असेच म्हणावे लागते.

कोंडी फुटली ती न्यायालयांत. १२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने के. रामकृष्णन खटल्यात सार्वजनिक धूम्रपान हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग ठरवले. नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. भारतीय दंड संहितेचे २७८ वे कलम, म्हणजे हवा आरोग्यास अपायकारक करण्याचा गुन्हा, हाताशी होतेच. पोलिसांनी तेच वापरावे, असा आदेश निघाला. १८६० च्या संहितेतले कलम असे कामी आले.

त्याच वर्षी मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. २ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई झाली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने तीच मनाई देशभर कायम केली. दंड २०० रुपयांपर्यंत. सहप्रवाशाच्या संमतीला किंवा हरकतीला आता काही अर्थ उरला नाही.

मात्र दंड वसूल करायचा कोणी? प्रत्येक उपाहारगृहात शिपाई उभा करणे अशक्यच. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी याचे उत्तर शोधले. स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, मुख्याध्यापक, ग्रंथपाल अशांना आपापल्या हद्दीत दंड करण्याचा अधिकार मिळाला. जागेच्या मालकावर आणि व्यवस्थापकावरही जबाबदारी आली: रक्षापात्रे ठेवायची नाहीत, काडेपेटी द्यायची नाही, आणि तक्रार येऊनही दुर्लक्ष केले तर जितके गुन्हे तितका दंड स्वतः भरायचा. (तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, तितक्याच आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना वेगळ्या धूम्रपान-कक्षाची सवलत मूळ कायद्यातच होती.)

याच नियमांनी ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटीही सक्तीची केली. तक्रार कोणाकडे करावी, त्या व्यक्तीचे नाव तीवर लिहिणे बंधनकारक आहे. ती जागा पुष्कळ पाट्यांवर कोरीच दिसते.