भाड्याची खोली आणि पावतीचा कागद



मोताळ्यात भाड्याची खोली पाहायला गेलो की आपण दोन गोष्टी हमखास विचारतो. भाडं किती आणि डिपॉझिट किती? पावती देणार का, हे मात्र कोणी विचारत नाही. आज आपण त्या पावतीचीच गोष्ट करू.

खेड्यात पूर्वी घर ज्याचं त्याचं असायचं. भाड्याचं घर ही शहराची रीत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ती रेल्वे आणि कापसाबरोबर वाढली. नळगंगेच्या काठचं मलकापूर मुंबई-नागपूर रेल्वेवर आलं. 1870 मध्ये खामगावलाही फाटा गेला. कापसाचा बाजार भरू लागला, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले आणि कामाला आलेली माणसं खोली करून राहू लागली. जिल्ह्यात तेव्हा तालुके कमी होते. आज तेरा आहेत, त्यांत आपलं मोताळाही आहे. तालुका झाला की तहसील, पंचायत समिती, शाळा, दवाखाना येतो. मग शिक्षिका, नर्सताई, शिकणाऱ्या मुली अशा सगळ्यांना खोली लागते.

मागणी वाढली की भाडं वाढतं. पहिल्या महायुद्धात मुंबईत हेच झालं. घरं कमी, माणसं फार. म्हणून 1918 मध्ये मुंबई सरकारनं भाड्यावर लगाम घालणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 मध्ये नवा कायदा आला. त्यात 1 सप्टेंबर 1940 चं भाडं पाया धरलं गेलं.

पण आपला वऱ्हाड तेव्हा मुंबईकडे नव्हता. आपण मध्यप्रांत व वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. आपल्याकडे 1946 चा वेगळा कायदा होता आणि त्याखाली 1949 चा भाडे नियंत्रण आदेश निघाला. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालकाला घर खाली करायची नोटीस द्यायची असेल, तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. भाडं थकवलं, घराची नासधूस केली, मालकाला स्वतःला राहायला घर हवं, असं कारण दाखवावं लागे. "उद्या सामान उचला" असं म्हणून चालत नसे. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी विदर्भात हीच रीत पुढं कितीतरी वर्षं चालली.

याला दुसरी बाजूही होती. भाडं जुनंच राहिलं आणि महागाई वाढत गेली. एका खोलीच्या भाड्यावर पोट असलेल्या विधवा मालकिणीनं घराची डागडुजी कशातून करायची? 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं, की इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता रास्त राहिलेलं नाही.

मग सगळ्या राज्यासाठी एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 झाला. तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यात मालकाला भाडं वर्षाला 4 टक्के वाढवता येतं. म्हणजे हजार रुपये भाडं असेल तर पुढच्या वर्षी चाळीस रुपये जास्त. भाडं घेताना पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. पाणी, वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. आणि राहत्या घराचा भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळतो.

बायांनो, इथंच पावती कामी येते. भाडं बहुतेकदा नवऱ्याच्या हातून जातं, हिशेब त्याच्या डोक्यात असतो. तो गेला की "मागचं भाडं थकलंय" असं कोणी म्हटलं, तर बाईनं काय दाखवायचं?

आता अकरा महिन्यांच्या कराराचं. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, असं 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. ते टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण 1999 च्या कायद्यानं ही पळवाट बंद केली. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

एक मात्र सांगायला हवं. हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला नाही, त्याच्या यादीतल्या भागांना आहे. आपली खोली त्यात येते का, हे तालुका विधी सेवा समितीकडे विचारा. तिथं बाईला सल्ला आणि वकील मोफत मिळतो, मिळकत कितीही असो. कायदा लागू असो वा नसो, पावती मागायला कोणाची परवानगी लागत नाही. मालक पावती देत नसेल तर भाडं फोनवरून किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. आणि गटातल्या ज्या ताई स्वतः खोली भाड्यानं देतात, त्यांनीही पावतीपुस्तक आणावं. भाडं बुडालं तर तोच कागद त्यांच्याही बाजूनं बोलेल.